दावा २००४ चा, बाळ आत्ताचं

माझा जन्म २००४ सालचा. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला तोही २००४ सालीच, मार्चमध्ये. आजोबा यावरून माझी चेष्टा करतात. "तू आणि खटला एकाच वर्गातली पोरं. तू तरी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचलीस," म्हणतात.

कॉलेजात आम्ही महाजन आयोग शिकतो, कलम १३१ शिकतो, ८६५ गावांची यादी कुठून आली ते शिकतो. या पेजवर येणारे बहुतेक लेखही त्याच विषयावर असतात, आणि ते असायलाच पाहिजेत. पण गेल्या काही महिन्यांत घरात एक गोष्ट घडली आणि मी वेगळाच हिशेब घालत बसले. बाईला दिवस गेल्यापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत साधारण हजार दिवस होतात. पोटातले २७०, बाहेरचे ७३०. मेंदूची आणि अंगाची सगळ्यात वेगानं वाढ होते ती याच काळात, आणि या काळात खुंटलेली उंची पुढं भरून काढणं फार अवघड जातं, हे कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. दावा दाखल झाल्यापासून आजवर असे हजार दिवस निदान सात वेळा होऊन गेलेत. एका तारखेपासून पुढच्या तारखेपर्यंत वाट बघता बघता.

आता घरातली गोष्ट सांगते.

माझ्या वहिनीचं माहेर कागल तालुक्यातलं. शिक्षण नववीपर्यंत, सगळं मराठीत. लग्न होऊन कोगनोळीचा नाका ओलांडून आमच्या गावात आली, निपाणीच्या जवळ. मोटारसायकलवरून अर्ध्या तासाचं अंतर असेल, पण त्या अर्ध्या तासात तिच्या आयुष्यातला प्रत्येक सरकारी कागद तिला न वाचता येणाऱ्या लिपीत गेला. रेशनकार्ड, बँकेचा फॉर्म, बसची पाटी. आणि बाळंतपणात मिळालेलं तायी कार्ड.

तायी कार्ड तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असेल. आईची आणि बाळाची सगळी नोंद त्यात असते: लस, वजन, गोळ्या, पुढं कधी यायचं ते. आत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो. हिरवा पट्टा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी, त्याच्याही खालचा म्हणजे फार कमी. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करायचं, एक टिंब टाकायचं आणि टिंबं जोडत जायची.

एका रविवारी सहज म्हणून मी ते कार्ड हातात घेतलं. मला कन्नड वाचता येतं, शाळेत होतं आम्हाला. बाळ मुलगी आहे. नवव्या महिन्यात तिचं वजन ७ किलो होतं. दहाव्यात ७. अकराव्यात ७ किलो १००. बाराव्यात परत ७. तेराव्यात ७ किलो १००. टिंबं आडवी चालली होती, पट्टे मात्र वर चढत होते, आणि शेवटचं टिंब पिवळ्यात पडलं होतं. मी वहिनीला विचारलं, हे काय?

"पिवळं म्हणजे चांगलंच की वन्सं," ती म्हणाली. "लाल नाही ना?"

टीचरनी सांगितलं नाही का, असं विचारल्यावर म्हणाली, "सांगितल्या. तूक कडिमे म्हणाल्या. तूक म्हणजे वजन एवढं मला ठाऊक झालंय आता. कडिमेचं काय ते विचारायला लाज वाटली. मागं बायका उभ्या होत्या रांगेत."

कडिमे म्हणजे कमी. एका शब्दाचा प्रश्न होता. चार महिने तो कुणी विचारला नाही आणि कुणी उलगडून सांगितला नाही, आणि त्या चार महिन्यांत एका लेकराचं वजन शंभर ग्रॅमनं वाढलं.

ही गोष्ट वाचून "बघा, कन्नडसक्ती!" अशी कमेंट टाकायला बोटं शिवशिवली असतील. थोडं थांबा. त्या टीचर वाईट नाहीत. शेजारच्या गावच्या आहेत, घरी कन्नड बोलतात, मोडकंतोडकं मराठी येतं. तीस-पस्तीस पोरं, स्वयंपाक, रजिस्टरं, मोबाईलमधली नोंद, शिवाय निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, आणि हातात मानधन. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी स्वतःच फोन काढून दाखवलं की केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर ॲप मराठीतही चालतं. २०२१ पासून हे ॲप देशभर आहे आणि दोन डझन भाषांत उघडतं. "यारू केळिल्ला," म्हणाल्या. कुणी मागितलंच नाही.

हे मला लागलं. आपण पाटीवर मराठी मागितली, बसवर मागितली, महापालिकेच्या कागदपत्रांत मागितली, त्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. तायी कार्डावर मराठी पाहिजे म्हणून किती निवेदनं गेली? माझ्या आठवणीत तरी अशा मागणीचा एकही मोर्चा नाही. कंडक्टरशी भाषेवरून बाचाबाची झाली की व्हिडिओ दोन तासांत माझ्या फोनवर येतो. बाळाचं वजन चार महिने वाढलं नाही याचा व्हिडिओ निघत नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काही नसतं. कमी वाढलेलं मूल आजारी दिसत नाही. बारीक दिसतं, एवढंच. "आमच्याकडं सगळीच अशी काटक," असं आज्जी म्हणते आणि विषय संपतो.

कमेंटमध्ये दुसरं वाक्य येतं ते "महाराष्ट्रात असतो तर." मीही लहानपणापासून हेच ऐकलंय. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे काढून बघितले. २०१९ ते २०२१ ची पाचवी फेरी, पाच वर्षांखालची मुलं. वयाच्या मानानं उंची खुंटलेली मुलं: कर्नाटकात ३५.४ टक्के, महाराष्ट्रात ३५.२. वयाच्या मानानं वजन कमी: कर्नाटकात ३२.९, महाराष्ट्रात ३६.१. उंचीच्या मानानं रोड, म्हणजे ताज्या उपासमारीची किंवा आजारपणाची खूण: कर्नाटकात १९.५, महाराष्ट्रात २५.६. रक्त कमी असलेली सहा महिने ते पाच वर्षांची मुलं: इकडं ६५.५, तिकडं ६८.९.

दूधगंगेच्या अलीकडं आणि पलीकडं तीनातलं एक मूल खुंटलेलं आणि तीनातली दोन मुलं रक्त कमी असलेली. हे लिहिल्यामुळं मी कर्नाटकाची वकिली करते असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मला सीमाप्रश्न सुटलेला पाहिजे. पण आम्ही महाराष्ट्रात गेल्यावर पोरं आपोआप धष्टपुष्ट होतील, या भरवशावर आजची अंगणवाडी सोडून देता येत नाही.

अंड्याचंच बघा. कर्नाटकानं डिसेंबर २०२१ मध्ये आधी कल्याण कर्नाटकातले जिल्हे आणि विजयपूर इथल्या शाळांत अंडी द्यायला सुरुवात केली. काही मठाधीशांनी विरोध केला. तेव्हा कोप्पळ जिल्ह्यातल्या गंगावतीच्या एका शाळकरी मुलीचा व्हिडिओ सगळीकडं फिरला होता. आम्हाला अंडं पाहिजे, तुम्ही कोण नको म्हणणारे, असा तिचा रोख होता. पुढं योजना सगळ्या जिल्ह्यांत आली, दहावीपर्यंत गेली, आणि सप्टेंबर २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशाची भर पडून आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळायला लागलं. अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा चिक्की. हे सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या सगळ्या मुलांना आहे, मराठी माध्यमाच्या शाळांतल्याही. महाराष्ट्रानं २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. शाळांनी लोकवर्गणीतून बघावं म्हणाले. कागलमधली माझी आतेबहीण शिक्षिका आहे. तिनं मला विचारलं, "तुमच्यात खरंच रोज देतात?" तुमच्यात, म्हणाली. मी क्षणभर गप्पच झाले.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी आपण बोलत नाही. मराठी शाळा बंद पडतायत म्हणून आपण ओरडतो, आणि आपलीच पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेला जातात. खासगी विनाअनुदानित शाळेत ना भात-सांबार आहे, ना दूध, ना अंडं. पोरगं सकाळी सातला चहा-बिस्कीट खाऊन निघतं आणि डब्यात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा नेतं. मराठी शाळा सोडताना आपण भाषेबरोबर दुपारचं ताटही सोडलं. कायद्यानं पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला पाहिजेत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० आणि २०. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो हक्क झाला. आपल्या शाळा वाचवा मोहिमेच्या पत्रकात ही ओळ मी अजून वाचलेली नाही.

पण शाळेत जाणारं मूल निदान दिसतं तरी. माझी काळजी त्याच्या आधीच्या वयाची आहे, आणि तिथं निपाणीचं दुखणं वेगळं आहे.

आमच्या भागात तंबाखू आहे. वखारीत बाया सकाळी जातात ते दिवस मावळताना येतात. तंबाखू चाळायची, निवडायची, पोती भरायची. डोळे, नाक, घसा सगळं तिखट होतं. घरी बिडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. त्याच खोलीत बाळ झोपतं, त्याच हातानं बाळाला घेतात. ठेकेदार छाट काढून बिड्या बाजूला टाकतो, तेवढ्या वळून पण हिशेबातून गेल्या. वहिनी बाळ पाच महिन्यांचं असताना वखारीत परत गेली. घरात बसून चालणार नव्हतं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे भिंतीवर रंगवलेलं असतं. ते वाचून आई करणार काय? बाळ घरी, आई वखारीत, मधे दहा तास. सहा महिन्यांनंतर घट्ट खाणं सुरू करायचं असतं, दिवसातून तीन-चार वेळा, कारण बाळाचं पोट वाटीएवढं. आज्जीला दम्याचा त्रास, तिच्यानं चार वेळा शिजवणं होत नाही. मग चहात बुडवलेलं बिस्कीट, पातळ पेज, आणि बाळ रडायला लागलं की पुडा. यात आज्जीचा दोष काढायला सोपं आहे. मी काढला होता. मग एक दिवस मी स्वतः बाळाला सांभाळलं आणि दुपारपर्यंत गप्प बसले.

अंगणवाडीत दिवसभर बसवायची सोय तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायला पुष्टीसारखं पीठ आणि रेशन मिळतं, म्हणजे बाळाचं पोट पूर्ण घरावर अवलंबून. आमच्याकडं त्या पिठाचे लाडू झाले आणि सगळ्यांनी खाल्ले, मी पण दोन खाल्ले. पुडक्यावर काय लिहिलंय ते मी पण वाचलं नव्हतं, आणि मला तर वाचता येत होतं. हा प्रश्न नुसत्या भाषेचा नाही हे तिथं मला कळलं.

पाळणाघर हा याचा सरळ उपाय, आणि तो नवा नाही. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यात ठराविक संख्येपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवायची तरतूद होती. काम ठेकेदारामार्फत घराघरांत वाटलं की कारखानाच उरत नाही आणि तरतूद लागू होत नाही. ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये 'कूसिन मने' म्हणून ग्रामपंचायतींत पाळणाघरं सुरू करायची योजना आणली, ४,००० पंचायतींसाठी, तीन वर्षांखालच्या मुलांना, मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी. कल्पना चांगली आहे. पण निपाणी शहरात नगरपालिका आहे, पंचायत नाही. वखारीत जाणारी बाई रोजगार हमीच्या यादीत नाही. म्हणजे जिथं गरज सगळ्यात जास्त, तिथं योजना दाराबाहेर उभी.

ही मागणी कोण करणार? आमच्याच गावांनी एकदा केलंय असं काम. निपाणी म्हटलं की आपल्याला १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं, गोळीबारात गेलेले बारा शेतकरी आठवतात. त्याच काळात चिकोडी तालुका कामगार महासंघात वखारीतल्या बायका संघटित झाल्या होत्या. 'युगांतर' नावाच्या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. आमच्या वर्गात कुणालाच तो माहीत नव्हता, प्राध्यापकांनी सांगितला म्हणून कळलं. त्या बायकांत मराठी बोलणाऱ्या होत्या, कन्नड बोलणाऱ्या होत्या, उर्दू बोलणाऱ्या होत्या. मजुरी मागताना कुणी कुणाची मातृभाषा विचारली नसावी.

आता माहेराचा मुद्दा, कारण तो फक्त आपलाच आहे आणि बेंगळुरात किंवा मुंबईत बसलेल्या माणसाला तो सुचणारही नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. निपाणीच्या सुना कागलला, गडहिंग्लजला, कोल्हापूरला जातात. तिकडच्या लेकी इकडं येतात. सातव्या महिन्यात बाई गेली की इकडच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात तिच्या नावापुढं गैरहजर पडतं आणि तिकडच्या रजिस्टरात तिचं नावच नसतं. वहिनीचे माहेरचे पाच महिने असेच गेले: इकडचा आहार बंद, तिकडचा सुरू नाही. लोहाच्या गोळ्या संपल्यावर भावानं मेडिकलमधून आणल्या. खरं तर पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीत, दुसऱ्या राज्यातही, नाव हलवायची सोय दिलेली आहे. ती वापरायची तर निघताना इकडं सांगायला पाहिजे आणि पोचल्यावर तिकडं. दोन्हीकडच्या टीचरना एकमेकींचा फोन नंबर द्यायला पाहिजे. एवढ्यानं झालं असतं. बाई ओलांडते ती सीमा दावा लागून राहिलेलीच आहे. तिच्या गोळ्या तरी तिच्या मागं जायला काय हरकत होती?

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ गावांना लागू केली तेव्हा आम्ही स्टेटस ठेवले होते. कर्नाटकानं लगेच आक्षेप घेतला आणि दोन्हीकडच्या नेत्यांना आठवडाभर बोलायला विषय मिळाला. योजनेचा उपयोग आहे, ऑपरेशनचा खर्च निघाला तर गरिबाचं घर वाचतं. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावरची योजना आहे. पिवळ्या पट्ट्यात गेलेल्या बाळाला भरती व्हायचं नसतं. त्याला घट्ट खिचडी, वर चमचाभर तेल, एक अंडं, आणि ते चार वेळा भरवणारं माणूस पाहिजे असतं. त्याच्या पलीकडं गेलेल्या बाळासाठी जिल्हा रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र असतं. तिथं साधारण दोन आठवडे आईसह ठेवून घेतात आणि बुडालेल्या मजुरीपोटी आईला काही रक्कम देतात. हे आमच्या गल्लीत एकीलाही माहीत नव्हतं. दंडाला लावायची पट्टी तर तुम्हीसुद्धा वापरू शकता: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर काळजी करायची, साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

खानापूरच्या मित्रांना हे सगळं वाचून हसू येईल. भीमगडच्या जंगलातल्या गावांत वजनकाटा ही पुढची गोष्ट, आधी रस्ता पाहिजे. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावहून आजारी बाईला खांद्यावरून चिखलातून आणतानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला. तिथलं मला पुस्तकातून लिहायचं नाही. तिकडच्या कुणीतरी लिहावं, हे पेज छापेल.

कायद्यात आपल्या हाताशी काय आहे ते मात्र सांगते, माझा विषयच तो. राज्यघटनेचं कलम ३५० म्हणतं, की गाऱ्हाणं मांडण्यासाठी कुठल्याही नागरिकाला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. म्हणजे अंगणवाडीत आहार वेळेवर येत नाही, वजनकाटा बंद आहे, कार्ड वाचता येत नाही, हा अर्ज मराठीत देता येतो आणि भाषेच्या कारणावरून तो परत करता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण ठरलेलं आहे त्यात, जिथं १५ टक्क्यांवर लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलतात तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही काढायच्या असतात. २०११ च्या जनगणनेत पूर्ण बेळगाव जिल्ह्यातच मराठी भाषक सुमारे १९ टक्के आहेत. निपाणी, खानापूर, बेळगाव तालुक्यांचं वेगळं सांगायला नको. बाळाला काय आणि किती वेळा भरवायचं, ही जर महत्त्वाची सूचना नसेल तर कुठली?

टीचरच्या भरतीचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरेत अंगणवाडी भरतीत उर्दूचा उल्लेख आला म्हणून गदारोळ झाला. तेव्हा खात्याचा खुलासा आला, की कन्नड येणं आवश्यकच आहे, पण अल्पसंख्य वस्ती ठराविक प्रमाणाच्या वर असेल तर तिथली भाषा येणाऱ्याला प्राधान्य देता येतं. हाच खुलासा आपल्या हातात पाहिजे. आम्हाला कन्नड न येणारी टीचर नको आहे. आम्हाला 'कडिमे'चा अर्थ सांगू शकणारी पाहिजे आहे. आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००६ मध्ये सांगितलेलं आहे, की सहा वर्षांखालची चाळीस मुलं असलेल्या वस्तीनं अंगणवाडी मागितली तर तीन महिन्यांत ती द्यावी लागते. शेतातल्या वस्त्या, ऊसतोड टोळ्यांच्या खोपी, वखारींच्या मागच्या गल्ल्या मोजायला कुणी गेलं का?

प्रत्येक अंगणवाडीची एक बालविकास समिती असते, त्यात पालक असतात. शाळेची एसडीएमसी असते. वर्षातून एकदा पंचायतीत मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा होते. आमच्या पंचायतीत ती होते हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षी कळलं. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, आणि एक नोव्हेंबरला काळी फीत लावून न चुकता जाणारी. त्या सभेला आपल्यापैकी दोघं गेले आणि कार्डाबद्दल, पाळणाघराबद्दल, माहेरच्या नोंदीबद्दल मराठीत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली, तर तो कागद तयार होतो. खटल्यातही शेवटी कागदच लागतात, हे आपल्या वडीलधाऱ्यांनीच शिकवलंय.

वहिनीच्या कार्डावर मी पेन्सिलनं कन्नड ओळींखाली मराठी लिहून दिलं. पुष्टीचा डबा वेगळा केला, त्यावर बाळाचं नाव घातलं. दुपारी बाळ शेजारच्या काकूंकडं असतं; त्यांना महिन्याला थोडे पैसे देतो आणि घरची दोन अंडी त्यांच्याकडं सकाळीच पोचतात. पंधराव्या महिन्यात वजन ७ किलो ६०० भरलं. हिरव्या आणि पिवळ्याच्या बरोबर रेषेवर.

मागच्या रविवारी गल्लीतल्या नऊ बायका कार्डं घेऊन आमच्या सोप्यात आल्या, आम्हालाही लिहून दे म्हणून. त्यातल्या दोघी घरात कन्नड बोलणाऱ्या होत्या. कार्ड त्यांच्याच भाषेतलं, पण त्यांना वाचायला येत नव्हतं. त्यांना मी मोठ्यानं वाचून दाखवलं. नऊपैकी चार टिंबं पिवळ्यात होती. पुढचं वजन येत्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आहे.